व्हर्च्युअल मशीनची स्वयंचलित उभारणी आणि ॲडमिन हक्क

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, हाताने उभी करताना ॲडमिन हक्कांचा प्रश्न फारसा जाणवत नाही. विंडोजने विचारले की ‘येस’ दाबायचे, लिनक्सने विचारले की पासवर्ड टाकायचा. हेच काम स्क्रिप्टवर सोपवले की उत्तर द्यायला स्क्रीनसमोर कोणी नसते. मग स्क्रिप्ट अडकून बसते, ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून थांबते किंवा (हा सगळ्यांत वाईट प्रकार) काम अर्धवट करूनही यशस्वी झाल्याचे सांगते. व्हेग्रंट (२०१०), ॲन्सिबल (२०१२), पॅकर (२०१३) आणि क्लाउड-इनिट या साधनांनी मशीन उभारणे एका आज्ञेवर आणले. मात्र हक्कांची गुंतागुंत त्यांनी मिटवलेली नाही, ती फक्त पडद्याआड गेली आहे.

नकाराचा संदेश बहुतेक वेळा एकच असतो, त्यामागचे प्रश्न मात्र तीन असतात. नकार कोणत्या मशीनने दिला, होस्टने (मूळ संगणकाने) की गेस्टने (त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनने)? ते काम नेमक्या कोणत्या खात्याच्या नावाने चालले होते? आणि त्या खात्याला त्या सेशनमध्ये प्रत्यक्षात कोणते हक्क मिळाले होते? ‘खाते ॲडमिन आहे का’ या एकाच प्रश्नावर शोध थांबला की दिसेल तिथे ‘सुडो’ (लिनक्सवर एखादे काम रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याच्या, हक्कांनी चालवणारी आज्ञा) किंवा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लावणे सुरू होते. त्याने काही वेळा काम होते, पण पुष्कळदा मूळ अडचणीवर आणखी एक चढते.

विंडोज गेस्ट : खाते तेच, टोकन वेगळे

विंडोज व्हिस्टापासून (ग्राहकांसाठी जानेवारी २००७) यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी, आले. ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातला वापरकर्ता लॉग-इन झाला की विंडोज त्याच्यासाठी दोन टोकन (त्या सेशनच्या हक्कांची नोंद) तयार करते, एक पूर्ण आणि एक छाटलेले. रोजचे प्रोग्राम छाटलेल्या टोकनवर चालतात आणि पूर्ण टोकन संमतीची खिडकी मंजूर केल्यावरच मिळते. ही खिडकी मुद्दाम वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला तिच्यावरचे बटण परस्पर दाबता येत नाही. स्वयंचलित स्क्रिप्ट हाही दुसरा प्रोग्रामच असल्यामुळे तिलाही हीच अडवणूक लागू होते.

कोणते टोकन मिळाले हे पाहायला ‘हूअ‍ॅमआय /ग्रुप्स’ ही आज्ञा पुरते. छाटलेल्या टोकनमध्येही ॲडमिनिस्ट्रेटर्स गट यादीत दिसतो, म्हणून वरवर पाहणारा फसतो. त्या ओळीच्या शेवटी हा गट फक्त नकार देण्यासाठी वापरला जाईल अशी नोंद असते, ती वाचायची. यादीच्या तळाशी विश्वासाची पातळी असते. एस-१-१६-८१९२ म्हणजे मध्यम, एस-१-१६-१२२८८ म्हणजे उच्च आणि एस-१-१६-१६३८४ म्हणजे सिस्टिम. प्रोव्हिजनिंग स्क्रिप्टच्या (मशीनमध्ये सॉफ्टवेअर आणि सेटिंग बसवणाऱ्या स्क्रिप्टच्या) पहिल्या ओळीतच ही आज्ञा घालून तिचे उत्तर लॉगमध्ये उतरवले, तर पुढचा बराच अंदाजपंचे शोध वाचतो.

पॅकर आणि ॲन्सिबल विंडोज गेस्टशी बहुधा विनआरएम या विंडोजच्या दूरनियंत्रण सेवेवरून बोलतात (पोर्ट ५९८५, एचटीटीपीएस असेल तर ५९८६). इथे यूएसीचा दुसरा, कमी माहितीचा नियम आडवा येतो. नेटवर्कवरून आलेल्या स्थानिक ॲडमिन खात्याला छाटलेलेच टोकन मिळते, आणि दूरच्या सेशनमध्ये संमतीची खिडकी उघडतच नाही, त्यामुळे थेट नकार येतो. तेच खाते, तोच पासवर्ड समोर बसून चालतो आणि दुरून चालत नाही, याचे कारण हे. डोमेन खात्यांना हा नियम लागू होत नाही. मूळच्या, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाच्या अंगभूत खात्यालाही तो सहसा लागत नाही, पण विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्त्यांत ते खाते मुळात बंद असते. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ हे मूल्य १ केले की स्थानिक खात्यालाही दुरून पूर्ण टोकन मिळते. ‘विनआरएम क्विककॉन्फिग’ ही आज्ञा ते मूल्य परस्पर लावून देते, म्हणून अनेकांना त्याचे नावही ठाऊक नसते. विनआरएमची एकेक सेटिंग हाताने लिहिणाऱ्या स्क्रिप्टमधून मात्र ते हमखास निसटते.

हीच क्विककॉन्फिग आज्ञा नेटवर्क ‘पब्लिक’ प्रकारात असेल तर अडते. नव्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क सुरुवातीला अनेकदा त्याच प्रकारात असते. हा हक्कांचा दोष नाही, पण लॉगमध्ये तो त्याच रांगेत येऊन बसतो.

पूर्ण टोकन मिळाले तरी गोष्ट संपत नाही. विनआरएमवरचे लॉग-इन ‘नेटवर्क’ प्रकारचे असते आणि काही कामे विंडोज तशा लॉग-इनला करूच देत नाही. विंडोज अपडेट बसवणे हे त्याचे ठरलेले उदाहरण. उच्च पातळीचे टोकन असूनही ०एक्स८००७०००५ हा नकाराचा क्रमांक येतो. दुसरे उदाहरण फाइल शेअरचे. गेस्टवर लॉग-इन झालेली स्क्रिप्ट तिथून तिसऱ्या मशीनवरच्या शेअरमधली इन्स्टॉलर फाइल उचलायला गेली की नकार मिळतो, कारण ओळखपत्र पहिल्याच मशीनवर थांबलेले असते. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे टास्क शेड्युलर. काम एक शेड्युल्ड टास्क म्हणून नोंदवायचे, त्याला ‘सर्वोच्च हक्कांनी चालव’ असे सांगायचे, लगेच सुरू करायचे आणि निकालाची वाट पाहायची. पॅकरच्या पॉवरशेल प्रोव्हिजनरला ‘एलिव्हेटेड यूजर’ आणि त्याचा पासवर्ड दिला की तो पडद्यामागे हेच करतो. ॲन्सिबलमध्ये त्यासाठी ‘बिकम’ची ‘रनॲज’ पद्धत आहे.

एलिव्हेटेड यूजर म्हणून ‘सिस्टिम’ खाते देण्याचा मोह होतो, कारण त्याला पासवर्ड लागत नाही आणि हक्क भरपूर असतात. त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. सिस्टिम खात्याचे प्रोफाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये, सिस्टिम३२ च्या आत असते आणि ‘सध्याचा वापरकर्ता’ या नावाची रजिस्ट्री शाखा त्याच्यासाठी निराळी असते. स्क्रिप्ट व्यवस्थित संपते, लॉगमध्ये लाल ओळ नसते, पण वापरकर्त्याने लॉग-इन केले की डेस्कटॉपची सेटिंग नाही, पाथमध्ये घातलेली नोंद नाही. सेवा बसवणे, ड्रायव्हर, मशीनभराची धोरणे यांसाठी सिस्टिम ठीक. वापरकर्त्याच्या नावाने बसणाऱ्या गोष्टींसाठी नव्हे.

यूएसी सरळ बंद करा, म्हणजे ‘एनेबलएलयूए’ शून्य करा, हा सल्ला जुना आणि लोकप्रिय आहे. तो टाळावा. तो रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्याच ओळीत हक्क मिळाल्याचे गृहीत धरणारी स्क्रिप्ट तशीच पडते. विंडोज ८ आणि १० मध्ये त्याने स्टोअरमधली ॲपही चालेनाशी होतात. शिवाय असा इमेज (मशीनचा तयार साचा) प्रत्यक्ष वापरातल्या एकाही मशीनसारखा नसतो, आणि त्यावर केलेल्या चाचणीतून हक्कांविषयी काहीच कळत नाही.

जाता जाता, आन्सर फाइलमध्ये (विंडोज बसवताना येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेल्या फाइलमध्ये) ॲडमिन गटाचे नाव इंग्रजीत लिहिण्याची सवय जर्मन विंडोजवर महागात पडते. तिथे गटाचे नाव ‘ॲडमिनिस्ट्राटोरेन’ असते. एस-१-५-३२-५४४ हा त्याचा ओळख क्रमांक मात्र सगळ्या भाषांत एकच आहे.

लिनक्स गेस्ट : सुडोअर्सची फाइल

लिनक्सच्या बाजूला चित्र सोपे आहे, पण त्यातल्या खाचा बारीक आहेत. व्हेग्रंटच्या बॉक्समध्ये (मशीनच्या तयार साच्यात) ‘व्हेग्रंट’ नावाचा वापरकर्ता असतो, त्याचा पासवर्डही प्रथेनुसार ‘व्हेग्रंट’च, आणि त्याला पासवर्डशिवाय सुडो मिळालेले असते. स्वतःचा बॉक्स बनवणाऱ्याला ही परवानगी स्वतः लिहावी लागते. ती सुडोच्या नियमांच्या सुडोअर्स.डी या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलने द्यायची पद्धत आहे. फाइलच्या नावात टिंब असेल किंवा नाव ‘~’ या चिन्हाने संपत असेल, तर सुडो ती फाइल वाचतच नाही, आणि तसे सांगतही नाही. ‘व्हेग्रंट.कॉन्फ’ असे नीटनेटके नाव देणारा माणूस आतला मजकूर पुन्हा पुन्हा तपासत बसतो. मजकुरात चूक नसते.

दुसरी खाच क्रमाची. एकाच वापरकर्त्याला लागू होणारे अनेक नियम असले, तर सुडो शेवटचा जुळणारा नियम धरते. मुख्य सुडोअर्स फाइलमध्ये वर कुठेतरी ‘नोपासवर्ड’ची ओळ घातली आणि तिच्याखाली सुडो गटाची नेहमीची ओळ आली की पासवर्डची मागणी परत सुरू होते. वर लिहिलेला नियम डोळ्यांसमोर असूनही निष्प्रभ ठरतो. फाइल ‘व्हीआयसुडो’च्या तपासणीतून नेली तर व्याकरणाची चूक सापडते, क्रमाची नाही. त्यासाठी त्याच वापरकर्त्याच्या नावाने ‘सुडो -एल’ चालवून नियमांची यादी वाचावी. स्क्रिप्टमध्ये ‘सुडो -एन ट्रू’ ही ओळ सर्वांत आधी ठेवावी. पासवर्ड लागणार असेल तर ती वाट न पाहता चूक परतवते, आणि रात्रभर लटकलेल्या बिल्डऐवजी (उभारणीच्या फेरीऐवजी) तत्काळ अपयश हाती येते.

रेड हॅट घराण्याच्या जुन्या आवृत्त्यांत सुडोला टर्मिनल लागत असे. एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर लॉग-इन करण्याच्या सोयीतून) टर्मिनलविना आलेल्या आज्ञेला ‘सॉरी, यू मस्ट हॅव अ टीटीवाय टू रन सुडो’ असे उत्तर मिळायचे. ‘रिक्वायरटीटीवाय’ ही ओळ काढली की ते मिटते.

रूटचे हक्क मिळूनही फाइल लिहिता न येण्याचा आणखी एक प्रकार आहे. ‘सुडो एको’ करून पुढे बाणाने मजकूर सिस्टिमच्या फाइलमध्ये वळवला, तर ती फाइल उघडण्याचे काम शेल करते, आणि शेल साध्या वापरकर्त्याचेच असते. म्हणून तिथे ‘सुडो टी’ वापरतात. क्लाउड-इनिटमध्ये याच्या उलट घडते. तिथली यूजर-डेटा (मशीन पहिल्यांदा सुरू होताना चालणारी) स्क्रिप्ट मुळातच रूट म्हणून चालते, त्यामुळे नकार येत नाही, पण वापरकर्त्याच्या घरात तयार झालेल्या सगळ्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात. नकार मग काही दिवसांनी, त्या वापरकर्त्याने गिट किंवा एनपीएम चालवल्यावर येतो, आणि तेव्हा क्लाउड-इनिटची आठवण कोणाला होत नाही.

होस्टवरचे नकार

गेस्टमध्ये दोष सापडत नसेल तर होस्टकडे वळावे. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) वापरताना व्हेग्रंटला विंडोज होस्टवर सहसा ॲडमिन हक्कांनी चालवावे लागते. लिनक्स किंवा मॅक होस्टवर एनएफएस (नेटवर्कवरून वाटलेले) फोल्डर जोडताना एक्सपोर्ट्सच्या फाइलमध्ये नोंद करण्यासाठी पासवर्ड विचारला जातो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स नसलेल्यांची गाडी इथेच अडते.

व्हर्च्युअलबॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामवर) मात्र असे हक्क लागत नाहीत, आणि सवयीने लावलेला सुडो तिथे नुकसान करतो. एकदाच ‘सुडो व्हेग्रंट अप’ केले की मशीन रूटच्या नावाने नोंदते आणि प्रकल्पाच्या फोल्डरमधली ‘.व्हेग्रंट’ ही लपलेली डिरेक्टरी रूटच्या मालकीची होते. पुढच्या वेळी साध्या खात्यातून आज्ञा दिली की मशीन ज्या वापरकर्त्याने बनवली तो आणि आता आज्ञा देणारा वेगळे आहेत, असे सांगून व्हेग्रंट थांबते. बनवणाऱ्याचा क्रमांक ० दाखवला असेल तर ते रूटच. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतही ती मशीन दिसत नाही, कारण प्रत्येक वापरकर्त्याची मशीनची यादी स्वतंत्र असते. पुन्हा सुडो लावणे हा उपाय नव्हे. मशीन रूटच्या खात्यातून काढून टाकायची, डिरेक्टरीची मालकी परत घ्यायची आणि नव्याने उभारायची.

लिबव्हर्टमध्ये (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनात) हीच विभागणी ‘सिस्टिम’ आणि ‘सेशन’ या दोन जोडण्यांत आहे. एकीवर बनवलेली मशीन दुसरीवर दिसत नाही. वापरकर्त्याला लिबव्हर्ट गटात घातल्यावर तो बदल चालू सेशनला लागत नाही, नव्याने लॉग-इन करावे लागते. डिस्कची फाइल वापरकर्त्याच्या घरात ठेवली तर आणखी एक अडचण. आज्ञा रूटने दिली तरी उबुंटूवर क्यूईएमयू (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) स्वतः ‘लिबव्हर्ट-क्यूईएमयू’ या वेगळ्या खात्याखाली चालते, आणि त्या खात्याला त्या घरात पाऊल टाकायची मुभा नसते. उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्यांची घरे इतरांना बंद झाल्यावर हे जास्त जाणवू लागले. फाइल लिबव्हर्टच्या ठरलेल्या इमेजेस फोल्डरमध्ये हलवणे हा सरळ मार्ग.

नकाराचा संदेश किती दिशाभूल करू शकतो याचा नमुना व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ (ऑक्टोबर २०२१) ने दिला. त्या आवृत्तीपासून लिनक्स आणि मॅकवर होस्ट-ओन्ली (होस्ट आणि गेस्टपुरत्या) नेटवर्कसाठी १९२.१६८.५६.०/२१ एवढाच पत्त्यांचा पट्टा खुला राहिला. जुन्या व्हेग्रंटफाइलमध्ये १९२.१६८.३३ ने सुरू होणारा पत्ता असेल तर ‘ई_ॲक्सेसडिनाइड’ येऊ लागले. परवानगी नाकारली हे शब्द वाचून लोकांनी सुडो लावला, गट बदलले, काहींनी व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा बसवले. पत्ता बदलणे किंवा ईटीसी डिरेक्टरीतल्या व्हीबॉक्स फोल्डरात ‘नेटवर्क्स.कॉन्फ’ फाइल करून हवा तो पट्टा जाहीर करणे एवढेच काम होते.

हक्क परत घेणे

उभारणीसाठी दिलेले हक्क तयार इमेजमध्ये राहू देणे धोक्याचे आहे. विंडोजच्या ऑटोलॉगॉनसाठी ठेवलेला पासवर्ड रजिस्ट्रीत साध्या मजकुरात राहू शकतो. आन्सर फाइलमध्ये ‘लपवलेला’ दिसणारा पासवर्ड हे फक्त बेस६४ रूप असते, कोणालाही ते उलगडता येते. ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ हे मूल्य पुन्हा ० करावे लागते, तात्पुरते खाते काढावे लागते आणि लिनक्सवर ‘नोपासवर्ड’ची फाइल पुसावी लागते.

यातही क्रमाची मेख आहे. पॅकरच्या शेवटच्या स्क्रिप्टमध्ये सुडोअर्सची फाइल पुसली की त्यानंतर येणाऱ्या शटडाउनच्या आज्ञेला सुडो मिळत नाही. मशीन चालूच राहते, व्हर्च्युअलबॉक्सच्या बिल्डरची ठरलेली पाच मिनिटे संपतात आणि सगळी उभारणी यशस्वी झालेली असूनही बिल्ड फसतो. म्हणून फाइल पुसणे आणि मशीन बंद करणे ही दोन्ही कामे पॅकरच्या ‘शटडाउन कमांड’मध्येच, एकाच सुडोखाली, एका शेलकडून करून घेतात.