वर्तुळं गाडीवर नसतातच

रात्री दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या गाडीजवळ जाऊन बघा. बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक रेघांची वर्तुळं, थेट कोळ्याच्या जाळ्यासारखी. कुणीही म्हणेल, "पुसणाऱ्याने फडका गोल गोल फिरवलाय." मग सल्लाही ठरलेला असतो: फडका सरळ ओढा, म्हणजे वर्तुळं पडणार नाहीत.

मोबाइलचा टॉर्च लावून तो बॉनेटवरून हळूहळू सरकवा. टॉर्चबरोबर वर्तुळंही सरकतात. ती रंगात कोरलेली असती तर जागची हलली नसती.

बॉनेटवर ओरखडे असतात हे खरंच, पण ते सगळ्या दिशांनी आडवेतिडवे पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक सूक्ष्म चर, आणि चराला दोन उतरत्या भिंती. समजा, टॉर्च तुमच्या डोळ्याजवळ आहे आणि प्रतिबिंब 'प' या बिंदूपाशी दिसतंय. 'प'च्या उजवीकडे चार बोटं अंतरावरचा सपाट भाग प्रकाश आणखी उजवीकडे फेकतो, तो डोळ्यापर्यंत येत नाही. तिथून प्रकाश परत यायला हवा असेल, तर पृष्ठभाग किंचित 'प'कडे कललेला हवा. तशी कललेली भिंत कुठल्या चराची असेल? 'प'कडून येणाऱ्या त्रिज्येला जो चर काटकोनात आहे, त्याचीच. त्रिज्येला समांतर असलेल्या चराच्या भिंती बाजूला कललेल्या असतात, त्या प्रकाश भलतीकडे पाठवतात. म्हणून 'प'च्या उजवीकडे फक्त उभे ओरखडे चमकतात, वरच्या बाजूला फक्त आडवे, तिरप्या दिशेला तिरपे. त्रिज्येला काटकोनात म्हणजे स्पर्शिका, आणि सगळ्या बाजूंच्या छोट्या छोट्या स्पर्शिका डोळ्याने जोडल्या की वर्तुळ! हजारो ओरखड्यांतले मोजकेच आपल्याला दिसत असतात, बाकीचे तिथेच अंधारात असतात.

पाऊस थांबल्यावर रस्त्यावरच्या दिव्याकडे झाडाच्या फांद्यांमधून बघा. ओल्या डहाळ्या दिव्याभोवती गोल विणल्यासारख्या दिसतात. कारण हेच. मला हे दृश्य फार आवडतं, कारण एकदा भूमिती कळली की झाड आणि बॉनेट एकच गोष्ट सांगायला लागतात.

फडका सरळ ओढला तर ओरखडे एकाच दिशेचे पडतील आणि प्रतिबिंबाच्या दोनच बाजूंना चमकतील. दिसतील कमी, पण पडतील तेवढेच. पांढऱ्या गाडीचंही तसंच. पांढरा रंग स्वतःच सगळीकडे इतका प्रकाश विखुरतो की ओरखड्यांची चमक त्यात बुडून जाते.

हे ओरखडे असतात ते रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसापेक्षाही कमी. पॉलिश करणं म्हणजे झिलई 'लावणं' नव्हे. पॉलिशमधले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण चराच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतात. चर भरत नाही, त्याचे काठ उतरतात. ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात, त्यामुळे दर पॉलिशमध्ये गाडीचं थोडं संरक्षणच जातं. काही पॉलिशमध्ये तेल असतं, ते चरांत साचतं. तेलाचा आणि क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतात त्याचं माप, जवळपास सारखा, 1.5च्या आसपास, म्हणून प्रकाशाला चर जाणवतच नाही. दोन-चार धुण्यांत तेल निघून जातं आणि जाळी परत दिसायला लागतात. टूथपेस्टने ओरखडे घालवण्याचा घरगुती उपाय हेही घासणंच आहे, फक्त कणांच्या आकारावर कुणाचं लक्ष नसतं.

मेण आणि सिरॅमिक कोटिंग मात्र खरोखर वर बसणारे थर आहेत. पाणी आणि घाण चिकटू देत नाहीत, हा त्यांचा मोठा उपयोग. पण '9H, हिऱ्यासारखं कठीण' या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. 9H हा पेन्सिलीचा क्रमांक आहे. ठरावीक वजनाखाली पेन्सिल घासून बघायची चाचणी असते, आणि 9H ही त्या मापातली सगळ्यात कठीण पेन्सिल. हिऱ्याचा 10 हा अंक मोह्जच्या मापातला, म्हणजे खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या 1 ते 10 च्या मापातला. या दोन मापांचा एकमेकांशी संबंध नाही.

धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्जच्या मापावर क्वार्ट्झ 7 आहे. पेन्सिलीचं शिसं त्याच्यापुढे फारच मऊ. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की तेच कण बॉनेटवरून फरफटत जातात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, मगच फडका लावावा, तोही वरून खाली, कारण सगळ्यात जाड वाळू चाकांजवळच्या पत्र्यावर बसलेली असते. फडका जमिनीवर पडला तर तो झटकून परत वापरू नये, दुसरा घ्यावा.