कोड सर्वांचा, किल्ली कोणाची?

फोंड्याजवळ फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारी मुलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पात हात घालतात ते बहुधा बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून. त्यात वावगं काही नाही. पण प्रकल्प निवडताना ती फक्त योगदान देणाऱ्यांची संख्या बघतात. तीनशे नावं दिसली की प्रकल्प भक्कम, असा हिशेब.

त्याऐवजी कोड उतरवून घ्यावा आणि टर्मिनलवर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची ‘गिट शॉर्टलॉग -एसएनई’ (git shortlog -sne) ही आज्ञा द्यावी. कोणाचे किती कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल), नाव काय, ईमेल कोणता, अशी यादी येते. सर्वांत जास्त काम करणारा वर. नावांकडे दुर्लक्ष करून ईमेलचा शेवटचा भाग वाचत जा. वरची बहुतेक माणसं एकाच कंपनीची निघाली, तर तीनशे नावांना फारसा अर्थ नाही.

याचं मापही आहे: एलिफंट फॅक्टर. निम्मे कमिट भरायला कमीत कमी किती कंपन्यांची माणसं लागतात, तो आकडा. १००० पैकी ७०० कमिट एकाच कंपनीचे असतील, तर आकडा १. पहिल्या दोघींचे ३०० आणि २५० असतील, तर २. माप ढोबळच म्हणायचं. कारण पगारी माणूसही खासगी जीमेलवरून कमिट करतो, आणि कोड प्रकल्पाच्या मुख्य शाखेत, म्हणजे सगळे वापरतात त्या आवृत्तीत, घेण्याचा हक्क कोणाकडे आहे हे त्यात दिसतच नाही. माझ्या मते तोच खरा प्रश्न.

गोव्यातल्या खाजन शेतीत खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवतात. हा बांध सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून राखायचा असतो. तो एकाच भाटकाराच्या (जमीनदाराच्या) खर्चाने उभा असेल, तर त्याचं मन फिरलं की खारं पाणी शेतात.

ओपन सोर्स कोड कोणी कसा वापरायचा हे परवाना ठरवतो. मोंगोडीबी या डेटाबेसचा मुक्त परवाना बदलून त्याच्या कंपनीने २०१८ साली जास्त बंधनांचा परवाना लावला. कोड मुख्यतः तिच्याच पगारी माणसांनी लिहिलेला, त्यामुळे जुन्या परवान्याखालचा कोड उचलून तोलामोलाचा दुसरा प्रकल्प उभा करणारं कोणी पुढे आलं नाही. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केलं, पण तिथे ॲमेझॉन, अलिबाबा, टेन्सेंट यांच्या अभियंत्यांना कोडची आतली खडान्‌खडा माहिती होती. आठ दिवसांतच लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली त्याच कोडवरून ‘वॅल्की’ जाहीर झाला. मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला खरा, पण तोवर वॅल्कीचं बस्तान बसलं होतं.