अर्धं रिकामं कार्ड ‘जागा नाही’ का म्हणतं?

प्लेअरमध्ये गाणी ऐकायला घेतलेल्या एसडी मेमरी कार्डात निम्मी जागा शिल्लक आहे, गाणं जेमतेम ५ एमबीचं आहे, तरी संगणक सांगतो की फाइल तयार करता येत नाही. कार्ड रीडर बदलून पाहा, यूएसबी पोर्ट बदलून पाहा, काही फरक पडत नाही. २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डावर ही तक्रार नेहमीची आहे आणि त्यात बहुतेक वेळा कार्डाचा दोष नसतो. तिचं मूळ फ्लॉपीच्या काळात आहे.

फ्लॉपीवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे याचा हिशेब ठेवणारी ‘फॅट’ ही पद्धत १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी लिहिली. १९८१मध्ये ती एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर सगळीकडे पसरली. तेव्हा फोल्डर नव्हते. सगळ्या फायलींची एकच यादी असायची आणि त्या यादीची जागा फॉरमॅट करतानाच ठरून जायची. फोल्डर १९८३मध्ये एमएस-डॉस २.० बरोबर आले. फोल्डर लागेल तसा वाढू शकतो, पण सगळ्यात वरची मूळ यादी होती तशीच बांधील राहिली. २ जीबीपर्यंतची एसडी कार्डं सहसा फॅटच्या ‘फॅट१६’ या आवृत्तीने फॉरमॅट केलेली असतात, आणि त्यांत आजही या यादीत ५१२ खणच असतात. एक खण ३२ बाइटचा, म्हणजे अख्खी यादी १६ केबीची.

५१२ खण म्हणजे ५१२ गाणी, असा हिशेब मात्र चुकतो. मूळ खणात नावाची ८ आणि एक्स्टेन्शनची ३ अक्षरं एवढीच बसायची. विंडोज ९५ने घरच्या संगणकांवर लांब नावं आणली ती जुनी रचना न मोडता: लांब नावाचे १३-१३ अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक जादा खण द्यायचा. देवनागरी नावात काना, मात्रा, वेलांटी हे सगळे इथे वेगवेगळे मोजले जातात. ‘राग भैरवी’ डोळ्यांना पाच अक्षरी दिसतं, पण मोजणीत मधल्या रिकाम्या जागेसकट ९ भरतं. टिंब आणि एमपी३ हे एक्स्टेन्शन मिळून आणखी ४. झाले बरोबर १३, म्हणजे नावाचा एक आणि मूळ एक असे दोन खण. त्याच फाइलचं नाव ‘राग भैरवी - सकाळची मैफल’ केलं की मोजणी २७वर जाते आणि चार खण लागतात. सगळी नावं इतकी लांब असतील तर सव्वाशेच्या आसपास गाण्यांवर यादी भरते, मग खाली १ जीबी मोकळी असली तरी तिचा उपयोग नाही. उपाय अगदी साधा आहे. कार्डावर एक फोल्डर करा आणि सगळी गाणी त्यात टाका. फोल्डरला ही मर्यादा नाही. फॅट३२ या पुढच्या आवृत्तीने मूळ यादीही वाढती केली, त्यामुळे ४ जीबी आणि पुढच्या कार्डांवर ही अडचण येत नाही.

गाणी उलटसुलट क्रमाने वाजण्याचं कारणही याच यादीत आहे. फॅट फायली नावानुसार लावत नाही. ज्या क्रमाने गाणी आली त्या क्रमाने खण भरतात. संगणक यादी दाखवताना स्वतः ती नावानुसार लावून दाखवतो, पण पुष्कळ साधे प्लेअर खण जसे सापडतील तसे वाजवतात. त्यात फाइल पुसली की तिच्या खणाचा फक्त पहिला बाइट बदलून २२९ केला जातो, म्हणजे ‘ही जागा मोकळी’. पुढचं गाणं त्या मोकळ्या खणात जाऊन बसतं आणि नवा अल्बम जुन्याच्या मध्येच वाजू लागतो. म्हणून नावापुढे ०१, ०२ लावूनही अनेकदा काहीच बदलत नाही: नाव बदलतं, पण खणांचा क्रम नावानुसार लागत नाही. कार्डावरचा फोल्डर पुसून, शक्यतो कार्ड फॉरमॅट करून, गाणी क्रमाने पुन्हा टाकावी लागतात. विंडोजमध्ये सगळी गाणी निवडल्यावर पहिल्या गाण्यावर माउस धरून ओढा, कारण जे धरून ओढता तेच आधी जातं. लिनक्सवर ‘फॅटसॉर्ट’ हे साधन गाणी न हलवता फक्त खण क्रमाने लावून देतं. त्याआधी कार्ड अनमाउंट केलेलं, म्हणजे रीडरमध्येच ठेवून सिस्टिमपासून सोडवलेलं हवं.

एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. नावातलं ‘सिक्युअर’ संगीतासाठीच होतं: गाण्यांची नक्कल रोखणारं कुलूप त्यात घातलं होतं. बाजूला सरकणारी लॉकची खुंटी वेगळी. ती निव्वळ यांत्रिक आहे, कार्डाच्या आतल्या चिपला तिचा पत्ताही नसतो. ती कुठे आहे हे रीडर चाचपून पाहतो. खुंटी सैल होऊन घसरली किंवा तुटली, तर कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ दिसतं, म्हणजे त्यावर काही लिहिता येत नाही. खुंटीच्या खाचेवर पातळ चिकटपट्टी लावली की बहुधा काम होतं.

कार्डाच्या क्षमतेचे यापुढचे दोन टप्पे नीट वेगळे ओळखायला हवेत, कारण दोन्हींत प्लेअर सारखाच अडतो पण इलाज निराळा आहे. पहिला टप्पा २ जीबीवरून ४ जीबीवर जाण्याचा. जुन्या एसडी कार्डात माहिती कुठे आहे तो पत्ता बाइटमध्ये दिला जायचा. २००६मध्ये आलेल्या एसडीएचसी या नव्या प्रकारच्या कार्डांत तो ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत दिला जाऊ लागला. आकार तोच, खाचही तीच, पण जुन्या प्लेअरला ही भाषाच समजत नाही. कितीही वेळा फॉरमॅट केलं तरी ते कार्ड तिथे चालणार नाही. तिथे २ जीबीचंच कार्ड हवं.

दुसरा टप्पा ३२ जीबीवरून ६४ जीबीवर जाण्याचा. २००९च्या एसडीएक्ससी प्रकारच्या कार्डांत पत्त्याची पद्धत बदलली नाही, बदलली ती फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींचा हिशेब ठेवण्याची पद्धत: फॅट३२च्या जागी एक्सफॅट आली. त्यामुळे ३२ जीबीपर्यंतच चालतं असं सांगणारे अनेक प्लेअर ६४ जीबीचं कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट करून दिलं की मुकाट्याने वाजवू लागतात. खोच अशी की विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीपुढे फॅट३२चा पर्यायच देत नव्हती, आणि एसडी असोसिएशनचा अधिकृत फॉरमॅटर नियमाप्रमाणे पुन्हा एक्सफॅटच करतो. तेव्हा रुफससारखं साधन वापरा, किंवा कार्डावर ३२ जीबीचंच पार्टिशन (विभाग) करा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, म्हणून गाण्यांची प्रत आधी काढून ठेवा.

मॅकवरून टाकलेल्या गाण्यांबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फायली येतात. फॅटमध्ये न मावणारी जादा माहिती मॅक त्यांत ठेवतो. काही प्लेअर त्यांनाच गाणी समजून अडखळतात. कार्ड काढण्याआधी टर्मिनलमधून ‘डॉट_क्लीन’ ही आज्ञा ‘वजा एम’ या पर्यायासह कार्डावर चालवली की त्या जातात. मॅक किंवा लिनक्सवर नावात चाललेलं प्रश्नचिन्ह वा दुहेरी अवतरणचिन्ह फॅटला चालत नाही. कॉपी नेमकी एकाच गाण्यापाशी थांबत असेल तर आधी त्याचं नाव बघा.

कॉपीची पट्टी १००वर पोचली म्हणजे गाणं कार्डात पोचलं असंही नाही. विशेषतः लिनक्सवर बराचसा भाग अजून मेमरीत असतो. तेव्हाच कार्ड ओढलं की शेवटची गाणी अर्धवट राहतात, आणि खणांची यादी लिहिणं चालू असेल तर अख्खा फोल्डर बिघडतो. ‘इजेक्ट’ करून संदेश येईपर्यंत थांबा. बिघडलंच, तर विंडोजवर ‘सीएचकेडीएसके’ आज्ञा ‘/एफ’ पर्यायासह कार्डाच्या ड्राइव्हवर चालवा.

सुरुवातीची गाणी छान वाजतात आणि एका मर्यादेपुढची सगळी कचरा निघतात, अशी लक्षणं असतील तर कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. आत ८ जीबीची चिप आणि तिच्यावर ६४ जीबी सांगणारं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर), असा तो प्रकार असतो. कार्ड रिकामं करून विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ३’ चालवा. ही साधनं पूर्ण कार्ड भरतात आणि लिहिलेलं परत वाचून तपासतात. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी नुसते भरायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. चाचणीत जेवढी जागा खरी निघेल तेवढंच पार्टिशन करून कार्ड काही काळ वापरता येतं, पण त्यावर गाण्यांची एकुलती एक प्रत ठेवू नका.