वाय-फाय प्रोफाइल

एखाद्या वाय-फाय नेटवर्कला पुन्हा जोडून घेण्यासाठी लॅपटॉप जी माहिती साठवून ठेवतो, तिला त्या नेटवर्कचे प्रोफाइल म्हणतात. नेटवर्कचे नाव म्हणजे एसएसआयडी, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड आणि आपोआप जोडायचे की नाही, एवढे त्यात असते. एसएसआयडीला 32 बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणून मराठी नाव काना-मात्रांसह 10 चिन्हांत आटपावे लागते.

घर आणि कचेरी अशा दोन ठिकाणी लॅपटॉप वापरणाऱ्याची अडचण सहसा पासवर्डची नसते, आयपी पत्त्याची, म्हणजे नेटवर्कवर लॅपटॉपची ओळख ठरवणाऱ्या क्रमांकाची असते. बहुतेक राउटर डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सोयीने पत्ता आपणहून देतात, तिथे काही करावे लागत नाही. पण एका ठिकाणी स्थिर (हाताने भरलेला) पत्ता, ठरावीक डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लागत असेल, तर ती सेटिंग कशाला चिकटते हे महत्त्वाचे ठरते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून दिलेला स्थिर पत्ता अ‍ॅडॉप्टरला, म्हणजे लॅपटॉपमधील वाय-फायच्या भागाला चिकटतो, नेटवर्कच्या नावाला नाही. त्यामुळे कचेरीतला पत्ता घरीही तसाच राहतो. वाय-फायचे चिन्ह भरलेले दिसते, पण एकही पान उघडत नाही, आणि दोष बिचाऱ्या राउटरवर जातो. लिनक्समधील नेटवर्कमॅनेजर पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचे दार) आणि डीएनएस प्रत्येक जोडणीसोबत वेगळे ठेवतो. ही रचना अधिक समंजस म्हणावी लागेल. मॅकओएसमध्ये त्यासाठी ‘लोकेशन’ नावाचे संच करून ते बदलता येतात. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही असे समजावे.

विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ हेही ठरवता येते. पब्लिक निवडल्यास त्या नेटवर्कवरील इतर संगणकांना लॅपटॉप दिसत नाही.

साठलेली प्रोफाइल वाढत जातात, आणि जुनी काढून टाकण्याचे कुणाच्या लक्षात राहत नाही. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कची ओळख लॅपटॉप मुख्यतः नावावरूनच पटवतो. त्याच नावाचे खोटे नेटवर्क कुणी उभे केले, तर आपोआप जोडणी चालू असलेला लॅपटॉप बिनदिक्कत तिकडे जातो. नाव लपवलेले नेटवर्क सुरक्षित असते, हाही एक गोड गैरसमज. राउटर नाव जाहीर करत नाही, म्हणून लॅपटॉपलाच ते पुकारत शोध घ्यावा लागतो, आणि ती हाक आसपासच्या कुणालाही ऐकता येते.

राउटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार बदलल्यावर जुने प्रोफाइल अडून बसते. अशा वेळी ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावे. विंडोजमध्ये नेटशेल या साधनाने प्रोफाइल एक्सएमएल फाइलमध्ये काढून दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येते. मात्र पासवर्ड उघडा ठेवण्याचा पर्याय निवडला असेल, तर ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला तो साध्या अक्षरांत वाचता येतो.