ट्रक जाऊ दे, स्कूटरचं काय एवढं!

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला आईबरोबर रस्ता ओलांडायचा म्हणजे तिचे नियम पाळावे लागतात. लांबवर कंटेनर दिसला की ती माझं मनगट धरून उभी. "थांब गं, ते धूड जाऊ दे आधी." धूड रांगत रांगत निघून जातं. त्याच्या मागून एक स्कूटर सुसाट येत असते आणि आई नेमकी तिच्यासमोर पाऊल टाकते, उजवा तळहात हवालदारासारखा पुढे धरून. स्कूटरवाला कचकन ब्रेक दाबतो, दोन शब्द ऐकवतो. "एवढीशी तर गाडी!" आई म्हणते.

याला वेंधळेपणा म्हणता येणार नाही. आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांची मोजपट्टी अशी आहे.

सरळ आपल्या दिशेने येणारी गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. दृष्टिपटलावरची तिची प्रतिमा किती झपाट्याने फुगते, यावरून मेंदू ताडतो की ती कधी पोहोचेल. 1976 साली डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञाने यातलं गणित मांडलं. प्रतिमेच्या आकाराला तिच्या फुगण्याच्या दराने भागलं की उरलेला वेळ थेट मिळतो. अंतर नको, वेग नको. युक्ती नामी आहे, पण ते फुगणं डोळ्याला जाणवलं तर.

हात लांब करून करंगळी उभी धरा. 50 मीटरवरची स्कूटर, वर बसलेल्या माणसासकट, जवळपास तिच्यामागे लपते. तेवढ्याच अंतरावरची बस झाकायला तीन करंगळ्या लागतील. दोन्ही ताशी 40 किलोमीटरने येत असतील तर दोन्ही साडेचार सेकंदांतच तुमच्यापाशी पोहोचणार. पण बसची प्रतिमा तिप्पटीहून जास्त झपाट्याने फुगते. स्कूटर बराच वेळ ठिपकाच राहते आणि एकदम अंगावर येते. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिलुशिया यांनी 1991 मध्ये पडद्यावर एक लहान पण जवळची आणि एक मोठी पण लांबची वस्तू येताना दाखवली. आधी पोहोचणार होती लहान वस्तू. लोकांचा कौल मात्र मोठीकडे झुकला.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. दोन सारख्या गाड्या तुमच्यापासून पाच-पाच सेकंदांवर असतील, तर जी वेगात आहे ती जास्त लांब असते. म्हणून तिची प्रतिमा कमी फुगते. म्हणजे जी जास्त घातक, तीच जागेवर उभी असल्यासारखी वाटते. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की लहान मुलांची नजर यात फारच कमी पडते. ताशी साधारण 32 किलोमीटरच्या वर वेग गेला की गाडी जवळ येतेय, हेच कदाचित त्यांना कळत नाही. शाळा सुटल्यावर सर्व्हिस रोडवर पळत सुटणारी पोरं पाहिली की हे मला हटकून आठवतं.

आता चेहऱ्याकडे येऊ. हेडलाइट म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड, हे आपण न ठरवताच पाहतो. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2008 मध्ये लोकांना गाड्यांचे 'स्वभाव' विचारले, तर रुंद, बसक्या, डोळे बारीक केलेल्या गाड्या दांडगट ठरल्या. पुढे इथिओपियातल्या लोकांनीही बरीचशी तशीच उत्तरं दिली. आपल्याकडे तर नजर लागू नये म्हणून ट्रकच्या पुढ्यात जीभ काढलेला राक्षसच टांगतात. तिथे कल्पनाशक्तीला फारसं काम उरत नाही.

पण चेहरा पाहून माणूस पाऊल मागे घेतो का? स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये आभासी रस्ता आणि झेब्रा क्रॉसिंग उभारून हे तपासलं. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत तरी फरक पडला. दांडगट गाडी असेल तर लोक ती लांब असतानाच निघत, गरीब चेहऱ्याची असेल तर तिला आणखी जवळ येऊ देत. लहान गाड्यांत चेहऱ्याने काही बदललं नाही. मजा म्हणजे वेगाचा अंदाज विचारला तेव्हा लहान गाड्याच जास्त वेगवान वाटल्या. अवजड वस्तू संथ भासते, हे मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोविट्झ यांनी 1985 मध्येच रेल्वे फाटकावरच्या अपघातांबद्दल लिहिलं होतं. म्हणजे धूड लवकर पोहोचेल असंही वाटतं आणि ते हळू आहे असंही वाटतं. मेंदूला यात विसंगती दिसत नाही.

मला त्या प्रयोगातला सगळ्यात ओळखीचा भाग वेगळाच वाटला. तीच माणसं रस्त्याच्या मधोमध, म्हणजे आपल्या भाषेत डिव्हायडरवर, उभी केली तर ती गाडीच्या जास्त जवळून निघत आणि तिचा वेगही त्यांना कमी वाटे. तीन लेनचा रस्ता साधारण साडेदहा मीटर. नेहमीच्या चालीने नऊ सेकंद. तेवढ्यात 40 च्या वेगाची गाडी 100 मीटर येते. हा हिशेब फुटपाथवर आपण नकळत बरा करतो, डिव्हायडरवर करत नाही. का, याबद्दल माझा आपला अंदाज : पाठीवरून बस गेल्याचा वारा लागतो, पाय कठड्यावर तिरका असतो आणि अर्धं काम झालंय असं वाटतं.

हे सगळं मी परवा आईला डिव्हायडरवरच समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग काय, इथेच राहायचं का?" असं म्हणून तिने तळहात पुढे केला.