कार्बन चाचणीने कातळाचे वय कळते का?

गोव्यातील सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे कुशावतीकाठच्या जांभ्या कातळावर कोरलेल्या बैलांची छायाचित्रे पाठवताना ‘कार्बन चाचणीने या दगडाचे वय सिद्ध झाले’ असे लिहिले जाते. ही चाचणी मात्र दगडाची होत नाही. सजीव मेल्यावर त्याच्या अवशेषांतील कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) घटू लागतो, सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो आणि साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतकाही राहत नाही. जांभा कधी सजीव नव्हताच, आणि त्याचे वय अन्य मार्गाने कळले तरी ते खडकाचे असेल, त्यावर रेषा कोरणाऱ्या हाताचे नव्हे. म्हणून असा दावा वाचताना नमुना कोळशाचा, हाडाचा की लाकडाचा होता आणि तो शिल्पाशी निगडित थरातच सापडला का, हे आवर्जून पाहावे. कातळशिल्पांचा काळ बहुधा शैली, विषय आणि कोरण्याची पद्धत यांवरून अनुमानाने ठरतो.