वादक कुठून येतात? पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांची पार्श्वभूमी

पथक कुठले, असे विचारले की पूर्वी गावाचे नाव मिळे. पुढे शाळेचे मिळू लागले. आज बहुतेक वेळा सरावाची जागा सांगितली जाते: भिडे पुलाजवळचे, म्हात्रे पुलाखालचे, अमुक मैदानावरचे. वाद्ये थोडीफार बदलली, ताल त्याहून कमी बदलले. वाजवणारा माणूस मात्र पार बदलला, आणि गणेशोत्सवातल्या आवाजाच्या वादाकडे पाहताना हा बदल सहसा कोणी लक्षात घेत नाही.

1893 पासूनच्या सार्वजनिक उत्सवाची कथा इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. सुरुवातीच्या दशकांत मिरवणुकीची शान मेळे, लेझीम, आखाडे आणि सनई-चौघड्याची होती, पुढे त्यात बँड आले. ढोलही होतेच, पण ते शहराबाहेरून येत. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या पट्ट्यातल्या गावांची ढोल-लेझीम पथके भाद्रपदात पुण्यात उतरत. यामागे शेतीचे वेळापत्रक होते. हा सगळा भाताचा मुलूख. लावणी आषाढ-श्रावणात उरकते आणि कापणी थेट दिवाळीच्या आगेमागे येते. मधल्या दिवसांत घरातली तरणी माणसे मोकळी असतात आणि शहरात मंडळांना वाजवणारे हवे असतात. गावच्या जत्रेत, पालखीपुढे वाजवणारेच इथे येत. त्यांना बिदागी ठरलेली असे आणि राहण्या-जेवण्याची सोय मंडळाकडे असे. शहरी पथकांत आजही एका हाताला, म्हणजे वाजवण्याच्या एका ठरीव तालाला, 'गावठी' म्हणतात, तो त्यांच्याकडून आला.

साधारण सत्तरच्या दशकापासून चित्र पालटू लागले. सदाशिव पेठेतल्या एका शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना ढोल आणि बरची घेऊन मिरवणुकीत उतरवले. मुलांना शिस्त लागावी, मिरवणुकीचे ओंगळ रूप सुधारावे, असा त्यामागे उघड हेतू होता. आसपासच्या इतर शाळांनी तोच कित्ता गिरवला. पुढे मुलीही आल्या, आणि सुरुवातीला ज्यांनी नाके मुरडली त्यांच्याच नाती आज कमरेला ढोल बांधून उभ्या आहेत. ही पथके खऱ्या अर्थाने पेठेची होती. वाजवणारा कोणाचा कोण हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांना ठाऊक असे. गॅलरीतून एखादी आजी नावाने हाक मारी. बिदागीचा प्रश्नच नव्हता. उलट मुलाच्या गणवेशाचा खर्च घरचेच करत.

पण ज्या काळात पथके पेठांची होत होती, त्याच काळात पेठा रिकाम्या होत होत्या. याची सुरुवात 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले तेव्हाच झाली होती. नदीकाठच्या पेठांतली कुटुंबे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत गेली. पुढच्या तीन दशकांत वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, भावकीत वाटण्या झाल्या आणि दुसरी पिढी कोथरूड, सिंहगड रस्ता, धनकवडी इकडे सरकली. शाळेशी नाते राहिले, पत्ता बदलला. त्यामुळे नव्वदच्या दशकात 'माजी विद्यार्थ्यांचे पथक' हा प्रकार रुजला, हे ओघानेच आले. दहावी झाली म्हणून ढोल सोडवत नव्हता. घर पाच-सात किलोमीटर लांब गेले होते, पण भाद्रपदात तरी पेठेत परतायचे निमित्त हवे होते. या पथकांतूनच फुटून नवी पथके निघाली. कधी तालावरून मतभेद, कधी हिशेबावरून, कधी ध्वज कोणी धरायचा यावरून. पुण्यात दुसरे काय व्हायचे!

2000 नंतरचा फुगवटा निराळा. एकीकडे डॉल्बीच्या भिंतींना कंटाळलेला मोठा वर्ग पारंपरिक वाद्यांकडे वळला आणि मंडळांनाही ते सोयीचे वाटले. दुसरीकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आणि हिंजवडीच्या कंपन्यांनी राज्यभरातली तरुण मुले शहरात आणली. नोंदणी आधी ओळखीतून होत असे, ती ऑर्कुट-फेसबुकवर आणि नंतर गुगल फॉर्मवर गेली. लातूरहून शिकायला आलेला, अमरावतीहून नोकरीला आलेली, पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, असे सगळे एकाच रांगेत उभे राहू लागले. परक्या शहरात ओळखी व्हायला पथकासारखी दुसरी जागा नाही, हे त्यातले बरेच जण मोकळेपणाने सांगतात. पेठ त्यांना शेजार म्हणून माहीत नसते, मिरवणुकीचा मार्ग म्हणून माहीत असते.

वाद्यानेही या भरतीला हातभार लावला. ढोलाच्या तोंडावर ताणलेले चामड्याचे पान पावसात सैल पडते. ते शेकायचे, ताणायचे, सांभाळायचे म्हणजे जाणकार माणूस लागतो. फायबरचे पान आले आणि ढोल कोणत्याही हवेत वाजू लागला, तोही चढ्या आवाजात. सहा-आठ आठवड्यांच्या सरावावर नवखा माणूस मिरवणुकीत उभा राहू शकतो, ते याचमुळे. ताशाचे तसे नाही. ताशाला हात बसायला वर्षे जातात. म्हणून ढोलवाले भरपूर आणि चांगले ताशेवाले मोजके, अशी स्थिती आहे आणि ताशेवाल्यांची पथकापथकांत ओढाताण चालते.

पैशाचा प्रवाहही इथे उलटला. गावच्या पथकातला वादक पैसे घेऊन घरी जाई. शहरी पथकातला वादक बहुधा नोंदणीला स्वतः पैसे भरतो, सुट्ट्या खर्ची घालतो, आणि मंडळाकडून येणारे मानधन पथकाच्या खात्यात जाते. त्यातून ढोल, पाने, टेम्पो भागतो आणि अनेक पथके त्यातला वाटा सामाजिक कामाला देतात. सुपारी हा शब्द पथकांना आवडत नाही, व्यवहार मात्र तोच आहे. एकच पथक दहा दिवसांत कितीतरी मंडळांपुढे वाजवते, विसर्जनाच्या एका दिवसातही एकाहून अधिक. अशा वेळी हे पथक कोणाचे म्हणायचे? मंडळाचे नाही, पेठेचे नाही, शाळेचेही आता नाही.

आता ज्या निर्णयावर सर्वाधिक शाई खर्च झाली त्याकडे वळू. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाने 30 ऑगस्ट 2024 रोजी गणेशोत्सवातल्या ध्वनिप्रदूषणासंबंधी आदेश दिला. त्यात आवाज मोजण्याच्या, त्यावर लक्ष ठेवण्याच्या सूचना होत्या. बातम्यांत गाजली ती एकच गोष्ट: ढोल-ताशा-झांज पथकातल्या सदस्यांची एकूण संख्या तीसपेक्षा जास्त नसावी. उत्सव 7 सप्टेंबरला सुरू होणार होता. पथकांचा सराव तोवर संपत आला होता आणि मोठ्या पथकांत नोंदलेले वादक शंभर-दोनशेच्या घरात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 12 सप्टेंबरला, म्हणजे विसर्जनाच्या पाच दिवस आधी, संख्येच्या अटीला स्थगिती मिळाली. ढोल-ताशा पुण्याच्या काळजातला विषय आहे, अशा आशयाची टिप्पणीही सुनावणीत झाली आणि ती अर्थातच ढोलांइतकीच गाजली. स्थगिती होती ती या अटीपुरती.

'तीस'चा अर्थ काय, यावर त्या दोन आठवड्यांत जो खल झाला तो आठवण्याजोगा आहे. अट वाद्यांवर नव्हती, माणसांवर होती. म्हणजे ध्वज नाचवणारे मोजायचे का? झांजा? टोल, म्हणजे मोठ्या घंटेचा गाडा, ओढणारा? रस्त्याच्या कडेला दोरी धरून गर्दी थोपवणारे, पाणी वाटणारे, दमलेल्याचा ढोल आपल्या कमरेला बांधून घ्यायला मागे थांबलेले? पथकात हे सगळेच सदस्य. शब्दशः घेतले तर अठरा-वीस ढोल आणि चार-पाच ताशे उरतात. आणि एका पथकाची तीन पथके दाखवून एकामागोमाग उभी केली तर कायदा पाळला जातो, आवाज तेवढाच राहतो. ही पळवाट आदेश आला त्याच दिवशी चौकाचौकात बोलली जात होती.

लवादाची बाजू पोकळ होती असे नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. लक्ष्मी रस्त्यावर पन्नास ढोल एकदम पडतात तेव्हा ती कधीच मागे पडलेली असते. अरुंद रस्ता, दोन्हीकडे उंच इमारती, आवाजाला जायला वाट नाही. इमारतीत आजारी माणूस असेल तर त्याच्या घरच्यांना परंपरेचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण माणसे मोजून आवाज आटोक्यात येत नाही. पान कोणते, ताण किती, पथक एका चौकात किती वेळ थांबते, दोन पथकांत अंतर किती, यावर तो ठरतो. स्थिर उभे राहून तासभर वाजवणारे वीस जण चालत्या शंभरांहून जास्त त्रास देतात, हे लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणाही रहिवाशाला विचारावे.

संख्येचा आकडा सुचला कसा, याचे उत्तर सभासद कुठून येतात यात सापडते. पेठेचे पथक होते तेव्हा तक्रार घरात जाई. तुमच्या मुलाला सांगा, आमच्याकडे बाळंतीण आहे, एवढे पुरे असे. आज सरावाच्या जागेशेजारी राहणाऱ्याला वाजवणाऱ्यांपैकी एकही चेहरा ओळखीचा नसतो. जून-जुलैत वाद्यपूजन झाले की रोज संध्याकाळी शे-दीडशे दुचाक्या येतात, दहाच्या सुमाराला निघून जातात. त्यांच्याशी बोलणार कोण? तक्रार पोलिसांकडे जाते, तिथून नियमात, नियमातून न्यायालयात. ही वाट लांबची आहे आणि तिच्या टोकाला आकडाच येतो. पथकांनीही ती आपण होऊन आखूड केली नाही. ज्या वस्तीत दोन महिने वाजवायचे तिथल्या चार लोकांना आधी भेटावे, हे करणारी पथके आहेत, पण थोडी.

तीसची अट टिकली असती तर पहिली गळती नव्यांची झाली असती, हेही सांगितले पाहिजे. जुने जाणते, ताशेवाले, पथकप्रमुखाच्या जवळचे राहिले असते. त्याच वर्षी ढोल धरलेली, वाघोलीहून किंवा चिंचवडहून येणारी मुले घरी बसली असती. स्थानिक नाळ पुन्हा घट्ट झाली असती, असा एक युक्तिवाद त्या वेळी ऐकू आला. तो पटत नाही. जुन्यांतले तरी पेठेत राहतात किती?

कोरोनाच्या 2020 आणि 2021 या दोन वर्षांत मिरवणुका झाल्या नाहीत. 2022 ला पथके परतली तेव्हा अनेकांची एक अख्खी फळी नोकरी-लग्नात पांगली होती आणि तिची जागा पूर्ण नव्या माणसांनी भरली. जे पांगले त्यांतले काही परदेशांत आहेत. अमेरिकेत न्यू जर्सी, डॅलस, कॅलिफोर्नियाचा बे एरिया अशा ठिकाणच्या पथकांत पुण्यात हात बसलेले वादक भेटतात. तिथे शेजाऱ्यांच्या तक्रारीचा धाक इथल्यापेक्षा जास्त, म्हणून सराव पार्किंगच्या जागांत आणि ठरल्या वेळात. केरळात तर 'नाशिक ढोल' या नावाने लग्नांत आणि मिरवणुकांत वाजवणारे मल्याळी संच आहेत. त्यातल्या किती जणांनी नाशिक पाहिले असेल?

इकडे मुळशीची गंमत वेगळीच. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता संगणकाच्या कंपन्या आणि वीस-वीस मजली इमारती आहेत. म्हणजे मुळशीतून पुण्यात वाजवायला येणारे आजही पुष्कळ आहेत, फक्त ते कामावरून सुटून येतात आणि भाद्रपदात मोकळे नसतात, रजा टाकतात. गावकी-भावकीची ढोल-लेझीम पथके संपलेली नाहीत. गावच्या जत्रांत आणि स्पर्धांत ती वाजतात. शहराच्या मुख्य मिरवणुकीत मात्र त्यांना पूर्वीची जागा नाही. बिदागी मागणाऱ्यापेक्षा स्वतः पैसे भरून येणारा मंडळाला परवडतो, हा त्यातला रोकडा हिशेब.

2025 मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याआधीच्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला होता, त्यामुळे कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके 2025 च्या उत्सवात पहिल्यांदाच हाताशी होती. लांबून येणाऱ्या वादकाला याचा उपयोग सरकारी दर्जापेक्षा जास्त. सरावाच्या जागेचा प्रश्न तसाच आहे. खडकवासल्यातून पाणी सोडले की नदीपात्र बुडते आणि पथके दोन-चार दिवस जागा शोधत फिरतात. सापडली की तिथल्या सोसायटीचे पत्र चौकीवर पोहोचते.